रिपोर्टमधला पी५३ आईचा, की आम्हा सगळ्यांचा?

प्रश्न :

डॉक्टर, आम्ही फोंड्याजवळच्या एका गावातले. आई ६३ वर्षांची आहे. पोट फुगतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतं, अशी तिची तक्रार होती. आम्ही गॅसच्या गोळ्यांवर वेळ घालवला. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारं प्रथिन) खूप वाढलेलं आलं. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'ओव्हरी : हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा' आणि त्याखाली 'पी५३ म्युटंट पॅटर्न, डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह' असं लिहिलंय. माझा आतेभाऊ फार्मसीला आहे. त्यानं शोधून सांगितलं, की पी५३चा दोष आनुवंशिक असतो, त्याला ली-फ्रॉमेनी म्हणतात आणि तो निम्म्या मुलांत उतरतो. तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. आम्ही तीन भावंडं, दोघी बहिणी आणि एक भाऊ. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. धाकट्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. आत्या म्हणते, मुलाकडच्यांना यातलं एक अक्षर सांगायचं नाही. तिनं देवळात कौल लावला, त्यात घराण्याचं काहीतरी राहून गेलंय असं निघालं म्हणे. ते ऐकल्यापासून आई सारखी विचारते, 'माझं काय चुकलं?' एका नातेवाइकानं पी५३ वाढवणारी पावडर आणून दिली आहे. मुलीची तपासणी लगेच करून घेऊ का? आणि बहिणीच्या लग्नाचं काय करायचं?

– एक मुलगी, फोंडा तालुका

उत्तर :

ताई, तुम्ही बरंच काही विचारलंय, पण सगळ्याच्या मुळाशी एकच भीती आहे. रिपोर्टवरचा तो शब्द आईच्या गाठीपुरता आहे, की घरातल्या प्रत्येकाच्या रक्तात आहे? म्हणून त्याचं उत्तर आधी देते. तो शब्द गाठीपुरता आहे. पी५३ची ती ओळ वाचून तुमच्या मुलीविषयी कुणालाही काहीही सांगता येणार नाही. मात्र त्याच रिपोर्टमधली वरची ओळ, जिच्याकडे घरात कुणाचं लक्ष गेलं नाही, ती तुमच्या कुटुंबासाठी महत्त्वाची आहे. त्या ओळीमुळे आईची एक रक्ततपासणी व्हायला हवी, आणि ती वेगळ्या जनुकांची. तुमची शंका बरोबर होती, फक्त ती चुकीच्या ओळीवर जाऊन बसली.

पी५३ हे आपल्या प्रत्येकाच्या पेशींत असणारं प्रथिन आहे. ३९३ अमिनो आम्लांची साखळी. ती कशी बनवायची हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं त्याचं नाव टीपी५३, आणि ते सतराव्या गुणसूत्रावर असतं. हे प्रथिन डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि तिथली जनुकं चालू करतं. इतर जनुकांवर हुकूम चालवणं, हेच त्याचं काम. उन्हानं, धुरानं, किंवा पेशी विभागताना झालेल्या साध्या चुकीनं डीएनएला इजा झाली, की पी५३ कामाला लागतं. पी२१ नावाच्या जनुकाला ते जागं करतं, त्यामुळे पेशीचं विभाजन थांबतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. इजा फारच मोठी असेल तर प्यूमा, बॅक्स अशी जनुकं चालू होतात आणि ती पेशी स्वतःला संपवते. १९९२ मध्ये डेव्हिड लेन या शास्त्रज्ञांनी या प्रथिनाला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं, ते यासाठी.

असा हुकूमशहा पेशीत कायम मोकळा सोडून चालत नाही. म्हणून सगळं सुरळीत असताना एमडीएम२ नावाचं दुसरं एक प्रथिन पी५३ला धरून नष्ट करायला पाठवत राहतं. तयार झालेलं पी५३ काही मिनिटांत मोडीत निघतं. निरोगी पेशीत ते इतकं थोडं असतं, की काचपट्टीवर जेमतेम दिसतं. हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या आईच्या रिपोर्टमधला शब्द यातूनच आलाय.

गाठीचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेऊन त्यावर पी५३ला चिकटणारी प्रतिपिंडं सोडतात. जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. निरोगी उतीत हा रंग मिश्र दिसतो, एक केंद्रक फिकट, शेजारचं थोडं गडद, तिसऱ्यात काहीच नाही. टीपी५३ बिघडलेल्या गाठीत मात्र जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होऊन उभं राहतं. बिघडलेलं पी५३ हुकूम देऊ शकत नाही आणि मोडीतही निघत नाही, म्हणून ते साठत जातं. मी पॅथॉलॉजीत आयुष्य काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो रंग दिसला, की पुढच्या कुटुंबाला काय ऐकावं लागणार आहे ते कळायचं, आणि हातातलं काम क्षणभर थांबायचं.

याचा दुसरा प्रकारही असतो. कधी बिघाड असा होतो, की प्रथिन पूर्ण बनतच नाही, आणि मग गाठीत रंगाचा ठिपकाही येत नाही. तोही म्युटंट पॅटर्नच. तेव्हा केमोच्या खोलीत शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या रिपोर्टवर 'पी५३ निगेटिव्ह' दिसलं, तर तिचं बरं आणि आपलं वाईट असा हिशेब करू नका. असे हिशेब तिथे रोज होतात आणि त्यातून नुसता जीव जळतो.

आणखी एक गोष्ट. पी५३चे चार रेणू एकत्र येऊन डीएनएला धरतात. पालखीच्या चार भोयांपैकी एकाचा पाय मुरगळला तर उरलेले तिघे धडधाकट असूनही पालखी तिरकी होते, तसं एक बिघडलेला रेणू इतरांचंही काम बिघडवतो. म्हणून एका जागची एक चूकसुद्धा एवढी महाग पडते. १७५, २४८, २७३ या क्रमांकांच्या जागा तर अशा आहेत, की जगभरच्या गाठींत तिथे पुन्हा पुन्हा चूक सापडते.

तुमच्या आतेभावाची जी गल्लत झाली तशी शास्त्रज्ञांचीही एकदा झाली होती, म्हणून त्याच्यावर रागावू नका. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडलं तेव्हा ते गाठींत साठलेलं दिसलं. साहजिकच, हेच कॅन्सर घडवतं असा समज झाला. ज्या नमुन्यांवर काम चाललं होतं तेच बिघडलेले होते, हे पुढे कळलं. १९८९ मध्ये बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करताना दाखवून दिलं, की मूळचं निरोगी पी५३ कॅन्सर रोखतं आणि ते गेलं की गाठीला वाट मिळते. आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या सगळ्या कॅन्सरपैकी सुमारे निम्म्यांत टीपी५३ बिघडलेलं असतं.

आता आईच्या कॅन्सरचं बघू. हाय ग्रेड सिरस हा अंडाशयाच्या कॅन्सरचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पानं या प्रकारच्या ३१६ गाठींची जनुकं वाचली, तेव्हा त्यांतल्या ९६ टक्के गाठींत टीपी५३ बिघडलेलं निघालं. या आजारात पी५३चा बिघाड जवळपास प्रत्येकीच्या गाठीत असतो. पॅथॉलॉजिस्टनं ती तपासणी वारसा शोधायला केलेली नाही, गाठीचा प्रकार पक्का करायला केली आहे. शेजारचं डब्ल्यूटी१ पॉझिटिव्हही त्यासाठीच. दोन्ही मिळून एवढंच सांगतात, की ही गाठ आतड्यातून किंवा दुसरीकडून आलेली नाही, ती तिथलीच आहे.

हा बिघाड आला कुठून? बहुतेक वेळा तो गर्भनळीच्या टोकाला, अंडाशयाजवळच्या झालरीसारख्या भागात, एखाद्या पेशीत घडतो. ज्यांना कॅन्सर नाही अशा बायकांच्या नळ्या तपासतानाही तिथे कधी कधी दहा-वीस पेशींचा पुंजका गडद तपकिरी दिसतो. पेशी दिसायला साध्या, पण पी५३ गेलेलं. बऱ्याच जणींत तो पुंजका तसाच पडून राहतो. काहींत पुढे आणखी बिघाड जमतात आणि त्यातून गाठ वाढते. हे सगळं आईच्या जन्मानंतर, बहुधा उतारवयाकडे, तिच्या शरीरातल्या एका पेशीत घडलं. तुम्ही तिघं तिच्या पोटी आलात ती बीजपेशींतून, आणि नळीतल्या त्या बिघाडाचा बीजपेशींशी काही संबंध नाही.

ली-फ्रॉमेनी हा आजार खरा आहे, हेही सांगते. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या डॉक्टरांनी अशा काही कुटुंबांची नोंद केली, आणि १९९० मध्ये कळलं, की त्या घरांत टीपी५३चा बिघाड जन्मतःच, अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. पण त्या घरांचं चित्र फार वेगळं. लहान मुलांना अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीचा किंवा मेंदूचा कॅन्सर, तरुण वयात हाडांचा किंवा स्नायूंचा कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, तिशीच्या आतबाहेर स्तनाचा कॅन्सर, आणि असं एकाच घरात अनेकांना. साठीनंतर अंडाशयाचा एक कॅन्सर, एवढ्यावरून त्या आजाराचा संशय कुणी डॉक्टर घेत नाही. तुमच्या आईच्या माहेरी असं काही घडलेलं नसेल तर आतेभावाला सांगा, की त्यानं वाचलं ते बरोबर होतं, पण ते या रिपोर्टला लागू नाही.

आता ती वरची ओळ. अंडाशयाचा हाय ग्रेड सिरस कॅन्सर झालेल्या साधारण पाच-सहा जणींतल्या एकीत जन्मजात बिघाड सापडतो, आणि तो बहुतेक वेळा बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांत असतो. हा दुसरा विषय आहे. पी५३ पेशीला थांबवतं, बीआरसीएची प्रथिनं तुटलेला डीएनए जोडतात. म्हणून या प्रकारच्या कॅन्सरमध्ये वय कितीही असो, घरात आधी कुणाला काही झालेलं असो वा नसो, रुग्णाच्या रक्तातून बीआरसीएची तपासणी करावी असं आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या आईची झाली आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून झाली नसावी असं धरून पुढचं लिहिते.

ही तपासणी आधी आईसाठी आहे. तुम्ही मुलीच्या काळजीनं लिहिलंत, मला ते कळतं, पण आईच्या उपचारात याचा थेट उपयोग आहे. बीआरसीएचा बिघाड निघाला तर केमो संपल्यावर ओलापॅरिबसारखी गोळी सुरू करता येते. ती अशा गाठीच्या पेशींची डीएनए जोडण्याची उरलीसुरली वाट बंद करते. नव्यानं निदान झालेल्या, बीआरसीएचा बिघाड असलेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या बायकांवरच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळीमुळे आजार पुन्हा वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला होता. बिघाड नसला तरी गाठीच्या तुकड्यावर आणखी एक तपासणी करून या औषधांचा उपयोग होईल का ते पाहता येतं. म्हणूनच म्हणते, केमो संपायची वाट न बघता पुढच्या तारखेलाच विचारा.

मुलीची तपासणी आज करू नका. जिला आजार झालाय तिच्यापासूनच सुरुवात करायची, हा नियम आहे आणि त्यामागे कारण आहे. आईत कुठल्या जनुकात, नेमक्या कुठल्या जागी बिघाड आहे ते कळलं, की बाकीच्यांत फक्त तेवढंच शोधायचं असतं, आणि उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ मिळतं. आईत काही निघालं नाही, तर तिच्याकडून तुम्हाला यायला काही नव्हतंच, आणि मुलीच्या तपासणीचा प्रश्न उरत नाही. निघालं, तर तुम्हा तिघा भावंडांना प्रत्येकी निम्मी शक्यता. तुमच्या भावालाही. मुलग्याला त्याचं काय, असं घराघरांत म्हणतात आणि त्यात फसतात. बीआरसीए२च्या बिघाडानं पुरुषांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो, क्वचित स्तनाचाही होतो, आणि तो बिघाड त्याच्या मुलींपर्यंत पोचू शकतो. तुमच्या मुलीची पाळी तुमच्यानंतर. तुमच्यात नसेल तर तिच्यात तुमच्याकडून येणार नाही.

आकडे सांगते, कारण अंदाजानं घाबरण्यापेक्षा ते बरे. बीआरसीए१चा बिघाड असलेल्या बाईला ऐंशी वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, बीआरसीए२ असेल तर सुमारे १७ टक्के. दोन्हींत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास. आकडे मोठे आहेत, पण या बाबतीत हातात करण्यासारखं बरंच आहे. स्तनांसाठी पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, पुढे त्याच्या जोडीला मॅमोग्राफी. अंडाशयांसाठी, मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए२ असेल तर ४० ते ४५ या वयात नळ्या आणि अंडाशय काढून टाकणं. त्यानं धोका फार मोठ्या प्रमाणात कमी होतो.

एक मात्र करू नका. घाबरून सगळ्या बायकांचं दर सहा महिन्यांनी सीए-१२५ आणि सोनोग्राफी सुरू करू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींवर वर्षानुवर्षं अशा तपासण्या करून पाहिल्या गेल्या आणि २०२१ मध्ये निकाल आला, की त्यांनी अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. पाळीच्या दिवसांत किंवा एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखी उती बाहेर वाढण्याचा आजार) सीए-१२५ वाढतं, आणि मग नको ती ऑपरेशनं होतात. मुलीसाठी आत्ता काही करायचंच असेल तर एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस द्या. हा आजीच्या आजारावरचा उपाय नाही, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरचा आहे. पण त्याचाही पी५३शी संबंध आहे. तो विषाणू ई६ नावाचं प्रथिन बनवतो आणि त्याच्या मदतीनं पेशीतलं चांगलं, निरोगी पी५३ नष्ट करून टाकतो. लसीनं तो विषाणूच दूर राहतो. १९ वर्षांच्या मुलीला ती अजून घेता येते.

रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हाच्या दोन अडचणी आधीच सांगून ठेवते. पहिली, त्यात 'व्हीयूएस' असं येऊ शकतं. म्हणजे जनुकात एक वेगळं अक्षर दिसलं, पण ते घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. त्याच्या आधारावर कुणाचंही ऑपरेशन करायचं नाही आणि घरच्यांच्या तपासण्याही सुरू करायच्या नाहीत. दुसरी अडचण तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. आजकाल बीआरसीएबरोबर अनेक जनुकांचं पॅनेल करतात आणि त्यात टीपी५३ असतंच. वाढत्या वयात आणि केमो घेतल्यावर रक्त बनवणाऱ्या काही पेशींत टीपी५३चा बिघाड आपोआप निर्माण होऊ शकतो. तो रक्तात दिसतो, पण जन्मजात नसतो. अशा वेळी कागदावर टीपी५३ वाचून आतेभाऊ पुन्हा ली-फ्रॉमेनी म्हणेल. तसं काही आलं तर जेनेटिक काउन्सेलरला (आनुवंशिक आजारांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला) विचारा, की हा बिघाड रक्तातल्या किती प्रमाणात आहे, आणि त्वचेच्या पेशींवरून खात्री करायची का.

हे सगळं करायचं कुठे? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उपचार चालू असतील तर तिथल्या ऑन्कॉलॉजिस्टपासून सुरुवात करा. कॅन्सरच्या आनुवंशिकतेचा खास विभाग मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आहे. तपासणीसाठी लागतं थोडंसं रक्त, त्यासाठी केमोत थकलेल्या आईला रेल्वेत बसवायची गरज नसते. आधी इथल्या डॉक्टरांकडून पत्र घ्या, आईचे कागद घेऊन तुम्ही किंवा भाऊ जाऊन या. खर्चाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर यातलं काय बसतं ते काउंटरवर आधीच विचारून, कागदावर लिहून घ्या.

काउन्सेलर पहिल्याच भेटीत तीन पिढ्यांची माहिती मागतील. कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. आपल्याकडे 'पोटात गाठ होती', 'अंगावर जात होतं', 'कसल्याशा आजारानं गेली' एवढंच माहीत असतं. ही माहिती आईच्या माहेरची हवी, मामा आणि मामांच्या मुलींसकट. चवथीला तिकडची मंडळी मूळ घरी जमतात ना? एखाद्या म्हाताऱ्या मावशीजवळ, आजीजवळ शांतपणे बसा आणि लिहून घ्या. बीआरसीए निघालंच, तर त्याच मंडळींना कळवणं ही तुमची जबाबदारी ठरेल. आईची धाकटी बहीण असेल तर आधी तिला.

आता आई. 'माझं काय चुकलं?' याचं उत्तर तुम्ही तिला ठामपणे द्यायला हवं. काही कॅन्सरमध्ये टीपी५३वर बाहेरच्या गोष्टींची खूण दिसते. फुप्फुसाच्या गाठीत तंबाखूच्या धुराची, त्वचेत उन्हाची, आणि यकृतात बुरशी आलेल्या शेंगदाण्यांतल्या, मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनची, जी नेमकी २४९व्या जागी सापडते. तिच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये असा बाहेरचा एखादा गुन्हेगार सापडलेला नाही. तिच्या खाण्यानं, उपासांनी, कष्टांनी, मुलं लवकर किंवा उशिरा झाल्यानं हे घडलं, असं कुणीही तिच्याकडे बोट दाखवून म्हणू शकत नाही. पेशी रोज विभागतात, विभागताना चुका होतात, आणि एक चूक वाईट जागी झाली. हे तिला तुमच्या शब्दांत सांगा, आणि एकदा सांगून सोडू नका, ती विचारेल तेव्हा तेव्हा सांगा. निदानाला उशीर झाला म्हणून स्वतःलाही कोसू नका. या आजाराची सुरुवात पोट फुगणं, लवकर पोट भरणं अशीच होते आणि डॉक्टरांच्याही नजरेतून ती निसटते.

आत्याविषयी. देवापुढे गाऱ्हाणं घालावंसं वाटत असेल तर घाला, मीही घालते. संकटात माणसाला तो आधार लागतो. पण घराण्याचं काही राहून गेलं, हे वाक्य आजारी बाईच्या कानावर पडता कामा नये. आत्याला बाजूला घेऊन, मान ठेवून, पण स्पष्ट शब्दांत हे तुम्हीच सांगा. भावानं सांगितलं तर ती कदाचित जास्त ऐकेल. घरात जे चालतं ते वापरा.

पावडर बंद. आईच्या गाठीत पी५३ कमी पडलेलं नाही, बिघडलेलं आहे, आणि रिपोर्टप्रमाणे ते बहुधा साठून राहिलंय. ते आणखी वाढवून काय मिळणार? चीनमध्ये २००३ साली निरोगी पी५३चं जनुक विषाणूमार्फत गाठीत टोचण्याच्या औषधाला डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, पण जगभरच्या नेहमीच्या उपचारात ते आलेलं नाही. बिघडलेलं पी५३ पुन्हा ताळ्यावर आणणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. डब्यातल्या पावडरीचा या कशाशी संबंध नाही. तिच्या केमोत बहुधा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन असेल. एक यकृतातून निघतं, दुसरं मूत्रपिंडातून. या दोन्ही अवयवांवर या दिवसांत अनोळखी चूर्णाचा भार टाकणं धोक्याचं आहे. डबा डॉक्टरांना दाखवा आणि आईनं किती घेतलं ते खरं सांगा.

राहिलं बहिणीचं लग्न. आत्याचं मत मला मान्य नाही. आईला कॅन्सर आहे हे लपणार नाही. बांबोळीच्या ओपीडीत गोव्यातल्या माणसाला ओळखीचं कुणी भेटलं नाही असं होत नाही, आणि केमोनं गेलेले केस मांडवात सगळ्यांनाच दिसतील. लग्नानंतर बाहेरून कळलं तर बहिणीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. आईला हा आजार आहे आणि उपचार चालू आहेत, एवढं मुलाकडे आत्ताच सांगा. ते तुमच्या बहिणीनं स्वतः, होणाऱ्या नवऱ्याला सांगावं हे उत्तम. तो निर्णय तिचा आहे. आत्याचा नाही, आणि ताई, तुमचाही नाही.

पण रक्ताच्या तपासणीची अट लग्नाला जोडू देऊ नका. मुलाकडून कुणी 'मुलीची टेस्ट करून घ्या, मग बघू' म्हणालं, तर नाही म्हणा. आईचाच निकाल अजून यायचा आहे. आईत बिघाड निघाला तरी बहिणीत नसण्याची शक्यता निम्मी, आणि असला तरी लग्न करण्यात, मुलं होण्यात अडचण नाही. उलट वेळेवर कळलं तर मुलं कधी व्हावीत आणि पुढचं ऑपरेशन कधी, हे दोघांना आधीच ठरवता येईल. ती तपासणी तिनं स्वतःला हवी तेव्हा, काउन्सेलिंग घेऊन करावी. लग्नाच्या धामधुमीत करू नये.

आईच्या पुढच्या तारखेला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या. आईची रक्तातून बीआरसीए तपासणी झाली आहे का? नसेल तर कधी करायची? गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) कुठल्या लॅबमध्ये ठेवला आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी तो लागला तर कसा मिळेल? केमोनंतर गोळी द्यायची शक्यता आहे का? उत्तरं तिथेच लिहून घ्या, घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं. रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यातलं काही कळलं नाही, तर नाव आणि नंबर झाकून त्याची प्रत या सदराकडे पाठवा. मी वाचून उत्तर देईन.